गाडी नाही, पण काचा पुसायचा धंदा करायचाय, जमेल का?

प्रश्न थोडक्यात असा आहे: पुण्यात कर्वेनगरात राहणारा पंचविशीतला मुलगा. तीन वर्षं एका मॉलमध्ये हाउसकीपिंग केलंय. हातात १५,००० रुपये आहेत. चारचाकी सोडाच, स्कूटर नाही आणि लायसन्सही नाही. काचा पुसायचा स्वतःचा धंदा सुरू करता येईल का, बादली-दांडा घेऊन फिरायचं कसं, आणि गाडीशिवाय आलेल्या माणसाला लोक काम देतील का?

देतील. मी २००८ पासून कोथरूड, डहाणूकर कॉलनी, कर्वे रोड या पट्ट्यात हेच काम करतोय. पहिली सहा वर्षं माझ्याकडे भावाची जुनी सायकल होती, नंतर स्कूटर आली. चारचाकी आजही नाही आणि इतक्या वर्षांत एकाही गिऱ्हाइकानं त्याबद्दल विचारलेलं नाही. पुण्यात 'गाडी' म्हटलं की तसंही दुचाकीच डोळ्यासमोर येते. गाडी कुठे लावली एवढंच लोक विचारतात. लावायलाच काही नसेल तर वॉचमनशी पहिलं भांडण वाचतं.

गाडी लागतेच हा समज कुठून येतो तेही सांगतो, कारण तुम्हीही ते व्हिडिओ पाहिले असणार. ब्रिटन-अमेरिकेतले काचवाले व्हॅन घेऊन फिरतात. तिकडे आता बरंच काम क्षार काढलेलं पाणी लांब दांड्याच्या ब्रशमधून सोडून होतं. ते पाणी तसंच वाळलं तरी डाग पडत नाही. पण त्यासाठी शेकडो लिटरची टाकी आणि पंप सोबत न्यावा लागतो, म्हणून व्हॅन. शिवाय घरं सुटी-सुटी, लांब-लांब. आपल्याकडे एका सोसायटीत चाळीस फ्लॅट, खाली दहा दुकानं आणि प्रत्येक ठिकाणी नळ. टाकी कशाला वाहायची? एक लिटर पाणी म्हणजे एक किलो. गिऱ्हाइकाच्या नळाचं पाणी वापरलं की तुमच्या सामानातलं सगळ्यात जड ओझं तिथेच संपतं.

तुमची खरी अडचण वेगळी असणार आहे, ती म्हणजे लांबची कामं. पहिल्याच वर्षी ओळखीतून वाघोलीचं एक काम आलं, थ्री बीएचके, पैसे बरे. दोन बस बदलून गेलो, तिथे कळलं की दुपारी दोन ते चार पाणी बंद असतं. थांबलो. परत येताना बसमध्ये एका आजोबांच्या पायावर दांडा पडला, त्यांनी स्वारगेटपर्यंत सुनावलं. घरी पोचलो तेव्हा साडेनऊ वाजले होते. त्या दिवशी माझ्या गल्लीतली दोन छोटी कामं केली असती तर तेवढेच पैसे मिळाले असते आणि दुपारी घरी जेवलो असतो. त्यानंतर मी एक नियम केला: घरापासून अर्धा तास चालत जाता येईल तेवढाच आपला मुलूख. तुमच्यासाठी कर्वेनगर, डहाणूकर, कर्वे पुतळ्यापर्यंतचा भाग, फार तर वारजे. एवढ्यात तुम्हाला दहा वर्षं पुरेल इतकी काच आहे. बाहेरचं काम आलं तर नम्रपणे नाही म्हणा किंवा एकाच सोसायटीत तीन घरं मिळत असतील तरच जा.

सुरुवात दुकानांपासून करा. घरच्या काचा लोक वर्षातून एकदा-दोनदा पुसून घेतात, दुकानाला दर आठवड्याला लागतं. चष्म्याची दुकानं, मिठाईवाले, दवाखाने, सराफ, सलून, कपड्यांची शोरूम. कर्वे रोडवर मेट्रोचं काम चालू होतं त्या वर्षांत इतकी धूळ उडायची की माझे काही दुकानदार आठवड्यातून दोनदा बोलवायचे. मार्च २०२२ मध्ये वनाज ते गरवारे कॉलेज मेट्रो सुरू झाली तेव्हा सगळे खूश होते, माझा मात्र थोडा धंदा बसला.

दुकानदाराकडे जाऊन 'काचा पुसायच्या का' असं विचारलं तर नव्वद टक्के वेळा 'आमचा पोरगा पुसतो' हेच उत्तर येतं. पोरगा पुसतो हे खरंच असतं. जुन्या फडक्यानं, म्हणून काचेवर सगळे गोल-गोल फराटे असतात. तेव्हा वाद घालू नका. दाराची काच पुसून दाखवतो म्हणा, फुकट, दोन मिनिटं लागतील. दाराच्या मुठीजवळ हातांचे ठसे हमखास असतात. ते गेले की बाजूच्या शोकेसची काच आपोआप मळकी दिसायला लागते. तरुणपणी मी मुद्दाम अर्धीच काच पुसून थांबायचो. चालायचं ते, पण आता मला तो चावटपणा वाटतो.

वेळेचं भान फार महत्त्वाचं. इथली दुकानं दहाच्या आसपास उघडतात आणि दुपारी एक ते चार बंद ठेवण्याचा जुना शौक अजून बऱ्याच जणांना आहे. तुम्हाला मिळतात सकाळचे दोन-अडीच तास. दुकानदार झाडलोट, पूजा करत असतो तेव्हा बाहेरून सुरू करा. पण पैसे मात्र बोहनी झाल्याशिवाय मागू नका. सकाळी सकाळी पहिला व्यवहार गल्ल्यातून पैसे बाहेर जाण्याचा झाला, तर तो माणूस दिवसभर तुमचं नाव घेईल आणि पुढच्या आठवड्यात नको म्हणेल. मी आधी सगळी ओळ पुसून घ्यायचो आणि साडेबारा वाजता परतीच्या वाटेवर पैसे घ्यायचो. हल्ली यूपीआयमुळे सोपं झालंय, तरी मागायची वेळ तीच.

आता सामान. १५,००० मधले तीन-चार हजारांच्या वर खर्च करू नका. एक चांगला वायपर, म्हणजे ज्याला व्हिडिओत स्क्वीजी म्हणतात तो. बाथरूमचं पाणी ओढायचा फोमवाला वायपर वेगळा, तो काचेला लावू नका. काचेचा वायपर म्हणजे मूठ, धातूची पट्टी आणि त्यात सरकवलेलं एकपदरी, तीक्ष्ण कडेचं रबर. त्याचा आजचा आकार १९३६ साली अमेरिकेतल्या ओकलंडमध्ये एत्तोरे स्टेकोने नावाच्या काचा पुसणाऱ्यानंच पेटंट केला. त्यात अजून फारसा बदल झालेला नाही, यावरून तो किती बरोबर जमलाय ते समजा. १४ इंची घ्या. मॉलमध्ये तुम्ही १८ इंची वापरला असेल, पण आपल्या स्लायडिंग खिडकीचा पल्ला साधारण दोन फुटांचा. त्यात १४ इंची दोन ओढींत बसतो. १० इंची एक सोबत असू द्या, स्वयंपाकघराच्या आणि बाथरूमच्या छोट्या काचांसाठी. वायपर महागाचा घ्या, बाकी सगळं स्वस्त चालेल.

सोबत साबण लावायचा, आडव्या पट्टीवर चढवलेला लोकरी बोळा, ज्याला ॲप्लिकेटर म्हणतात. पाच-सहा मायक्रोफायबर फडकी, दोन जुन्या सुती साडीचे तुकडे, ब्लेडची खरवडणी, जुना टूथब्रश, एक इंची रंगाचा ब्रश (खिडकी सरकते त्या ट्रॅकमधली धूळ काढायला याच्याइतकं काही चांगलं नाही), स्क्रू-ड्रायव्हर, आणि एक जुनी चादर. चादर कशाला ते पुढे येईल. बादली म्हणून दहा लिटरची रंगाची रिकामी बादली. तिच्यात बोळा आडवा बसत नाही, उभा बुडवून फिरवावा लागतो, सवय होते. साबण म्हणजे भांडी घासायचं लिक्विड, अर्ध्या बादलीला चमचाभर. फेस जास्त झाला की काचेवर पापुद्रा राहतो. नवशिक्यांचे निम्मे फराटे जादा साबणाचे असतात. शिडी घेऊ नका. प्रत्येक सोसायटीत रंगाऱ्याचा एक तरी घोडा, म्हणजे उभी राहणारी घडीची शिडी, पडलेला असतो.

हात कसा चालवायचा हे लिहून समजत नाही, पण एक गोष्ट सांगतो, कारण मॉलमध्ये घाईत ती कुणी शिकवत नाही. साबण लावल्यावर काचेची वरची कड बोटभर रुंद कोरडी करून घ्या, फडक्यानं. मग वायपर त्या कोरड्या पट्टीवर टेकवून खाली ओढा. ओल्या जागेवर रबर टेकवलं की पहिल्या क्षणी ते नाचतं आणि वरच्या बाजूला पाण्याची एक रेघ राहते. ती नंतर खाली ओघळते आणि तुम्ही पुन्हा पुसत बसता. प्रत्येक ओढीनंतर रबर सुती कापडावर एकदा टिपायचं. दुसरी ओढ पहिलीवर दोन इंच चढवायची. कडेचं उरलेलं पाणी बोटाला फडकं गुंडाळून एकाच दिशेनं काढायचं. आणि उन्हातली काच पुसायची नाही. एप्रिल-मेमध्ये पश्चिमेची काच दुपारी तीनला घेतलीत तर साबण वायपर पोचायच्या आत वाळतो. मी पश्चिमेच्या खोल्या सकाळी आणि पूर्वेच्या दुपारनंतर घेतो. घरात शिरल्यावर पहिला प्रश्न: ऊन कुठून येतं?

घरांची कामं दुकानांमधूनच येतात. दुकानदाराच्या बायकोनं विचारलं की पहिलं घर मिळतं. ते नीट केलंत तर त्या सोसायटीच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर तुमचा नंबर फिरतो. घरात शिरताना चपला बाहेर, ओळखपत्र गळ्यात, आणि दुपारी घरी एकट्या बाई असतील तर दार उघडं ठेवून काम. हे कुणी सांगण्याआधी करा.

घरातलं खरं काम म्हणजे पल्ला काढणं. आपल्या ॲल्युमिनियमच्या स्लायडिंग खिडक्यांना बाहेरून लोखंडी ग्रिल असतं. त्यातून हात घालून बाहेरची बाजू पुसणारा माणूस मनगट खरवडून घेतो आणि काच तशीच राहते. वरची पन्हळ खोल असते म्हणून पल्ला वर उचलला की खालून सुटतो. आतला पल्ला आधी, मग बाहेरचा. पल्ला मधोमध आणायचा, दोन्ही बाजूंनी धरून सरळ वर उचलायचा, खालची कड स्वतःकडे घ्यायची आणि खाली उतरवायचा. उचलत नसेल तर वर पन्हळीत अडकण बसवलेली असते, ती स्क्रू-ड्रायव्हरनं सैल करा. जोर लावू नका. मग पल्ला चादरीवर, भिंतीला टेकवून, फरशीवर कधीच नाही. खाली ट्रॅकमध्ये कबुतराची पिसं, मेलेल्या माश्या आणि धुळीचा गाळ सापडतो. आधी कोरडा काढा, मग ओला. आधीच पाणी ओतलंत तर पाणी जायची छिद्रं बुजतात आणि पावसाळ्यात खिडकीतून पाणी घरात येतं. दोष तुमच्यावर.

पल्ला काढण्याआधी प्रत्येकावर खालच्या कोपऱ्यात कागदी टेपचा तुकडा आणि आकडा. सगळे सारखे दिसतात पण नसतात. कुलूप जुळत नाही, आतला बाहेर बसत नाही. एकदा आकडे न टाकता सात पल्ले काढले होते. जोडायला दीड तास लागला आणि घरचे काका खुर्ची घेऊन समोर बसून बघत होते.

वजनाचा हिशेब डोक्यात ठेवा. काचेचं वजन दर चौरस मीटरला, दर मिलिमीटर जाडीला अडीच किलो. चार फूट बाय दोन फुटांचा ५ मिमीचा पल्ला म्हणजे नुसती काच नऊ किलोच्या पुढे, चौकट धरून बारा. एकट्याला जमतो. बाल्कनीचा सात फुटी पल्ला वीस किलोच्या वर जातो आणि वजनापेक्षा उंचीमुळे हातातून फिरतो. तो एकट्यानं काढायचा नाही. जागेवरच सरकवून जेवढं जमेल तेवढं.

आता माझी चूक. नवीन ताबा मिळालेला फ्लॅट होता, काचांवर सिमेंटचे आणि रंगाचे थेंब. नवं ब्लेड लावलं आणि सरळ पुढे-मागे खरवडत सुटलो. सकाळी सगळं लख्ख दिसत होतं. दुपारी चारला ऊन तिरकं आलं आणि बाल्कनीच्या एका पल्ल्यावर केसासारख्या बारीक शेकडो रेघा चमकायला लागल्या. काच टफन होती, म्हणजे भट्टीत भाजून कडक केलेली. भाजताना तिच्यावर कधी कधी काचेचे सूक्ष्म कण चिकटून बसतात, ब्लेड ते उखडतं आणि ओढत नेतं. एका काचेचे ४,२०० रुपये मी तीन हप्त्यांत दिले. तेव्हापासून कोपऱ्यात शिक्का आहे का ते आधी बघतो. टफन काचेवर बहुधा तो असतो. असेल तर आधी भिजवतो, फडकं, मग प्लॅस्टिकची पट्टी. ब्लेड लावायचीच वेळ आली तर काच ओली ठेवून, एकाच दिशेनं, कोपऱ्यात करून बघतो आणि मालकाला आधी सांगतो की रेघ पडू शकते. ते नको म्हणाले तर थेंब तसेच ठेवतो. आरशासारखी चमक असलेल्या रिफ्लेक्टिव्ह काचेवर मात्र ब्लेड अजिबात नाही, थर निघतो.

दुसरी नेहमीची डोकेदुखी म्हणजे पांढरे डाग. टँकर-बोअरच्या पाण्यावर चालणाऱ्या सोसायट्यांत बाथरूमच्या आणि बागेकडच्या काचांवर क्षार बसतात. किराणा दुकानात मिळणारं लिंबूसत्त्व लिटरभर कोमट पाण्यात पन्नास ग्रॅम, बोळ्यानं लावून पाच मिनिटं, मग भरपूर पाणी. पण खिडकीचा ओटा संगमरवरी, कडाप्पाचा किंवा कोट्याचा असेल तर आधी तिथे प्लॅस्टिक आणि ओलं फडकं अंथरा. हे सगळे चुन्याच्या जातीचे दगड. आम्लाचा थेंब पडला की पॉलिश मरतं आणि ते परत येत नाही. ग्रॅनाइटला एवढी भीती नाही. संडासातलं ॲसिड तर काचेजवळ न्यायचंच नाही, ॲल्युमिनियम काळं पडतं. वर्षानुवर्षांचे डाग काचेतच उतरलेले असतात, ते पॉलिश मशीनचं काम. तिथे 'जातील' असा शब्द देऊ नका.

उंचीबद्दल एकच. पाय जमिनीवर, घराच्या फरशीवर नाहीतर तिथे ठेवलेल्या घोड्यावर, हात खिडकीच्या आत. ग्रिल नसलेल्या खिडकीतून चौथ्या मजल्यावर बाहेर वाकायचं नाही, छज्ज्यावर उतरायचं नाही, गिऱ्हाईक 'मागचा माणूस उतरायचा हो' म्हणालं तरी. दोरावरचं काम शिकलेल्या लोकांचं आहे, त्यांना दोन स्वतंत्र दोर आणि पट्टे लागतात. दुकानाच्या वरच्या काचेला दांडा लावताना आधी वर बघा. पाट्यांच्या मागून विजेच्या तारा गेलेल्या असतात आणि आपला दांडा ॲल्युमिनियमचा. अपघात विमा म्हणून बँकेत प्रधानमंत्री सुरक्षा विमा योजना घ्या, वर्षाला २० रुपये, अपघाती मृत्यू किंवा पूर्ण अपंगत्वाला दोन लाख. रक्कम मोठी नाही, पण वीस रुपयांत काय येतं हल्ली?

दर. दुकान मी काचेच्या संख्येवर सांगतो; लहान दुकान आठवड्याला १५० रुपये. घरासाठी चौरस फूट काढत बसू नका, पल्ले मोजा. माझा दर पल्ल्याला ९० रुपये, दोन्ही बाजू, ट्रॅक धरून. डासांची जाळीही एक पल्ला. साधारण टू बीएचकेमध्ये वीसच्या आसपास भरतात, म्हणजे १,८०० रुपये आणि चार-पाच तास. अठरा दुकानं लागली तर महिन्याचे १०,८००, आठवड्याला दोन घरं मिळाली तर आणखी १४,४००. तिथपर्यंत पोचायला मला आठ महिने लागले. तोवर मॉलची नोकरी दुपारपाळीत मिळत असेल तर सोडू नका. कामवाल्या मावशी दिवाळीला पाचशेत करतात म्हणून तुम्ही दर पाडू नका. त्या पल्ले काढत नाहीत, आणि त्यांच्याशी गोड राहिलात तर त्याच तुम्हाला घरं सांगतात. गणपतीच्या आधीचा आठवडा आणि दसरा ते दिवाळी, या दिवसांत श्वास घ्यायला वेळ नसतो. जून ते ऑगस्ट फक्त दुकानं. ते तीन महिने घराचा खर्च चालेल एवढे पैसे बाजूला असले पाहिजेत.

कागदपत्रं फार नाहीत. आधारवर उद्यम नोंदणी ऑनलाइन आणि फुकट होते, एजंटला पैसे देऊ नका. तुमच्यासारख्या एकट्याच्या धंद्याला गुमास्ता, म्हणजे दुकान-आस्थापनेची नोंद, ही नुसती ऑनलाइन सूचना. सेवेच्या धंद्याला वर्षाची उलाढाल २० लाखांच्या आत असेपर्यंत जीएसटी लागत नाही. बिलबुक मात्र छापून घ्या, दवाखाने आणि बँका त्याशिवाय पैसे देत नाहीत.

राहिला बादली-दांड्याचा प्रश्न. दांडा दोन तुकड्यांचा, बंद केल्यावर चार फुटांचा होईल असा घ्या. जुनी सायकल मिळाली तर दांडा मधल्या नळीला ट्यूबच्या दोन तुकड्यांनी बांधा, बादली मागच्या कॅरिअरवर, तिच्यातच बाकी सगळं, वर फडकी. नुसतं सामान पाच-सहा किलोच्या वर जात नाही. चालत जाणार असाल तर बादली एका हातात, दांडा खांद्यावर. बसनं जायचं झालं तर साडेअकराच्या पुढची बस पकडा, रिकामी असते. दांडा उभा धरा, टोकाला मोजा घाला, आणि फडकी कोरडीच न्या. ओल्या फडक्यांच्या वासावरून कंडक्टरनं मला एकदा नळ स्टॉपला उतरवलंय. खरं सांगायचं तर दोन-तीन महिन्यांत हे वाहणंही कमी होतं. माझी एक बादली आणि जुना दांडा आजही डहाणूकरमधल्या एका चष्मेवाल्याच्या पोटमाळ्यावर पडून आहे. त्याची काच मी आधी पुसतो, मग त्याचीच बादली घेऊन पुढच्या दुकानात जातो.